खुरप्याचं इंग्रजी नाव

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहायला तसं सोपं जातंय. आज दिवसभर सातवीच्या वह्या तपासून पाठ मोडून गेली. मोलाच्या गोष्टींसाठीचे इंग्रजी शब्द शिकवले होते. व्हॅल्युएबल म्हणजे ज्याला बाजारात चांगला भाव येईल ते, प्रेशस म्हणजे जे आपण जिवापाड जपतो ते, प्राइसलेस म्हणजे ज्याचा भावच करता येत नाही, आणि इनव्हॅल्युएबल म्हणजे ज्याच्यावाचून आपलं अडतं ते. हा शब्द जास्त करून कुणाच्या मदतीला, सल्ल्याला लावतात. सगळ्या पोरांनी गाईडातलं सोन्याच्या हाराचं तेच वाक्य उतरवलंय. रागवायलाही जीव राहिला नाही. शेवटची वही मिटली आणि तुझं खुरपं आठवलं.

जवळा बाजारच्या शाळेत आमचे इंग्रजीचे सर शब्द नुसता पाठ करू देत नसत. शब्द घरून हातात घेऊन यायचा, हा त्यांचा नेम. मी सातवीत असताना त्यांनी हेच चार शब्द फळ्यावर लिहिले आणि यांतल्या एखाद्याला शोभेल अशी वस्तू उद्या आणा म्हणाले. सकाळी तू भाकरी थापून राहिली आहेस. "माय, आपल्या घरात लई मोलाचं काय हाय?" "काहून?" "सरनं आणायला लावलं." तू पिठाच्या हातानंच कुडात खोचलेलं खुरपं काढतेस. बाभळीची मूठ, तुझ्या बोटांनी झिजून खळगे पडलेली. "हे ने. ह्याच्याबिगर आपली चूल पेटत न्हाई." "अन् तू कशानं खुरपशील?" "घेईन कुनाचं मागून. सरला दाखव बराबर."

शाळेच्या दारातच एका पोरीच्या हातात चांदीचे तोडे दिसले, दुसरीकडे तिच्या आजोबांचं घड्याळ. मला तुझ्या खुरप्याची लाज वाटली, माय. मी मागच्या मागं फिरले, शाळेमागच्या तरोट्याच्या झुडपात ते खुपसलं आणि सरांना सांगितलं, विसरले. "उद्या आण," एवढंच ते म्हणाले. शाळा सुटल्यावर मी ते काढून, माती पुसून घरी आणलं. दिवस मावळताना तू कापसातून आलीस. उसनं खुरपं बोथट निघालं होतं, तळहाताला फोड आले होते. पण तुला दुसरंच पडलं होतं. "काय म्हनले सर?" मी दप्तर आवरत राहिले. "सांग ना, काय म्हनले?" "इनव्हॅल्युएबल म्हणाले." "म्हंजे?" "म्हंजे लई मोलाचं." तो शब्द तू भाकरी थापताना घोकत बसलीस, जीभ वळेपर्यंत.

मग तू कुणाला सांगायची राहिली नाहीस. विहारात सांगितलंस, खुरपायला जाताना सांगितलंस, "माह्या खुरप्याला सरनं इंग्रजी नाव देलं." बाया चिडवायच्या, "ओ इंग्रजीवाल्या बाई, खुरपायचं तास धरा आता." तू हसायचीस आणि मी तिथून उठून जायचे. दोन हजार सालानंतर मला नोकरी लागली, आणि मग तुझं दुखणं निघालं. वसमतला दवाखान्यात तू खाटेवर पडून नर्सला सांगत होतीस, "पोरगी इंग्रजीची बाई हाय माही. तवाच सरनं वळखलं व्हतं." आणि मग तो शब्द, एक अक्षर न चुकता. मी उशाशी उभी होते. तेव्हा सांगता आलं असतं. मी तुला पाणी हवं का विचारलं.

खुरपं माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. उद्या वर्गात न्यावं असं मनात आलं, पण पोरांना काय सांगणार? हे पानही त्याच्याच खाली ठेवीन. सरांनी तुझं खुरपं पाहिलंच नाही, माय. दुसऱ्या दिवशीही मी ते नेलं नाही. तो शब्द मीच म्हटला होता, आणि तोही तू विचारायचं थांबावंस म्हणून.