पहिली उडी गुनवोरची

प्रिय तोर्गेइर,

अक्षराला हसू नकोस, घाईत लिहितेय. तांबडी गाय व्यायली, चीज यंदा बरं जमलंय, आणि तुझी लेक गुनवोर काल स्कीवरून उडी मारून दोन पायांवर उभी राहिली. शेवट आधीच सांगितला, म्हणजे वाचताना तुझा जीव खालीवर व्हायला नको. माझा झाला तेवढा पुरे.

टेकडी तीच, जिनं तुझा गुडघा खाल्ला. परवा पाऊस पडला आणि लगेच गोठला. काल स्पर्धेला अख्खं खोरं जमलेलं, आणि उडी टेकते तो उतार काचेसारखा! पहिला कोण जाणार? एवढे तगडे गडी, पण प्रत्येकाला नेमका तेव्हाच बूट आवळायचा होता. क्लबाचा प्रमुख हालवर (आता त्याच्याआधी त्याचं पोट दारातून आत येतं) ओरडला, "काय रे, नुसत्या मिशा दाखवायला आलात का?"

तर गुनवोर पुढं झाली. "मी जाते, काका."

"बायकांची उडी स्पर्धेत धरत नाहीत, पोरी."

"धरू नका. बघा तरी."

गिरणीवाल्याचा आस्लाक खिदळला, "घागऱ्यात वारा भरला तर थेट बापाकडे अमेरिकेत जाऊन पडेल!" सगळे हसले. मी तिच्याकडे गेले. म्हातारी आता हिला घरी नेणार, असं सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं. पण मी आपल्या एप्रनची नाडी काढली आणि तिचा घागरा घोट्यापाशी घट्ट बांधला.

मग ती वरून सुटली. हवेत होती तेव्हा तुझा तो दिवस आठवला, तुझी किंकाळी आठवली. टेकली तशी उजवी स्की सटकली, ती वाकली, हात बर्फाला लागतोय की काय... मी डोळे मिटले. उघडले तर बाई खाली वळण घेऊन उभी, आणि वर ओरडतेय, "उजवीकडं येऊ नका! माझ्या स्कीच्या खुणेवरनं या!" सगळे गडी तिच्याच खुणेवरनं आले रे. एकाचंही हाड मोडलं नाही. आस्लाकनं तर टोपी काढली.

राजधानीहून, क्रिस्तियानियाहून आलेले स्कीच्या कारखान्याचे साहेब संध्याकाळी आपल्या चुलीपाशी बसून लापशी जेवले. येत्या रविवारी तिथल्या मोठ्या टेकडीवर पहिली उडी तिनं मारावी, म्हणतात. ती म्हणाली, "बाबांना विचारावं लागेल," आणि मान खाली घालून बसली.

तुझ्या स्की फोडून चुलीत घाल, असं तू लिहिलं होतंस. चुलीत नाही घातल्या, काल तिच्या पायांत त्याच होत्या. काल पहाटे त्यांचे टाचेमागचे, झाडाच्या मुळ्या पिळून केलेले बंध मीच कोमट पाण्यात भिजवून मऊ केले. तेव्हा रागवायचं तर माझ्यावर रागव. तुला विचारायला म्हणून हे लिहीत नाहीये, बाळा. तुझं 'नाही' समुद्र ओलांडून येईस्तोवर इथलं बर्फ वितळलेलं असेल. मी 'हो' सांगून टाकलंय. घागऱ्याला नाडी मात्र पक्की शिवून देतेय.

तुझीच,
आई