जावयाचा आवाज

४ तारीख, सोमवार
आलो एकदाचा लेकीकडे, कायमचा. खोली झकास आहे. खिडकीत कोवळं ऊन, टेबलावर जावयाचा जुना, पोट सुटलेला कॉम्प्युटर. शाळेत कविता म्हणायला उभा राहायचो तेव्हाची हुरहूर उगाच दाटून आली. जावई जाऊन वर्ष होत आलं. दौऱ्यांवरून त्याने लेकीला पाठवलेले, त्याच्या आवाजातले निरोप यातच आहेत, पण यंत्र मुकं झालंय. दुरुस्तीवाला म्हणतो, साउंड कार्डाचा ड्रायव्हर बिघडलाय. म्हणजे कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाष्या प्रोग्रॅम. मी छाती फुगवून म्हटलं, मी करतो. लेक हसली. म्हणाली, बाबा, तुम्हाला डोक्यावरचा चष्मा सापडत नाही.

५, मंगळवार
दुरुस्तीवाल्याने फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं: कॉम्प्युटरचा डबा उघडा, कार्डावरचा नंबर वाचा, तो जुळल्याशिवाय जुना ड्रायव्हर काढू नका. कोण उघडणार डबा? इंटरनेटवरच्या ड्रायव्हरांच्या यादीतलं एक नाव जवळपास जुन्यासारखंच दिसलं, कानाला गोडही वाटलं. जुना काढला, तो घातला. माइकसमोर शाळेतली कविता म्हणून पाहिली. खणखणीत परत ऐकू आली! लेकीला सांगितलं, नंबर ताडून घेतला. तिचा चेहरा असा उजळला की खरं बोलायला जीभ वळेना.

६, बुधवार
सकाळी ती निरोप ऐकायला बसली. 'जेवून घे गं, मला उशीर होईल.' शब्द जावयाचे. आवाज माझा. पुढचा निरोप तसाच, त्यापुढचाही. माझ्याकडे न बघता ती म्हणाली,
"बाबा, त्याचं बोलणं तुम्ही तुमच्या आवाजात का भरून ठेवलंत?"
नाही म्हटलं. तिला पटलं नाही. धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं.

७, गुरुवार
दुरुस्तीवाला येऊन गेला. ड्रायव्हर आवाज पोचवतो, बदलत नाही, म्हणाला. फायलींना कुणी हात लावलेला नाही. मग मला विचारलं, नंबर बघितला होतात ना? लेक तिथेच उभी. मी हो म्हणालो. मान वर होईना.
घसा बसलाय. नवा ड्रायव्हर काढायला गेलो तर पडद्यावर येतं, उपकरण वापरात आहे. कोण वापरतंय?

८, शुक्रवार
बाथरूममध्ये कविता म्हणून पाहिली. पहिल्या ओळीला नुसती हवा. दुसरी ओळ माझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरमधून आली, माझ्याच चालीत.
स्पीकरची वायर उपटली. तरी –

९, शनिवार, दुपार
आवाज गेला. पार.
लेक माझ्या खोलीत, आतून कडी. बोलतेय. ते यंत्र उत्तरं देतंय. माझ्या आवाजात – नंबर पाहिला नव्हता, चिमणे, खोटं बोललो, माफ कर –
मला जे जमलं नाही, तेच. ती रडतेय. म्हणतेय, असू द्या हो, बाबा.
दार बडवलं. तिने विचारलं, बाहेर कोण आहे?
माझा आवाज म्हणाला,
"कुणी नाही गं. तू बस माझ्याजवळ."
चिमणे, मी बाहेर आहे. हे पान फाडून दाराखालून सरकवतो–