ओट्याच्या दगडाने मांडलेलं स्वयंपाकघर

३ तारीख, सोमवार

आधी आली ती बाई. तिच्या मागून एक उंच माणूस, दाराशी चपला काढून. अजून फरशी बसलेली नाही, पायाखाली सगळी सिमेंटची कचकच, आणि हा चपला काढतोय! तेव्हाच कळायला हवं होतं मला. पण माझं डोकं! मला वाटलं, बांधकामाच्या ऑफिसातून घर तपासायला आलेत.

नात सकाळीच बजावून गेलेली, "आजी, कुणी तपासायला आलं तर तू काही बोलू नकोस. मला फोन कर." आता न बोलणं मला कधी जमलंय? आमचे हे म्हणायचे, तू झोपेतसुद्धा समोरच्याला बोलू देत नाहीस. त्यात मनात धाकधूक. नातीचं घर सगळं जुन्या सामानाचं. विटा पाडलेल्या घरांच्या, दारं तिसऱ्याच कुणाची, जमिनीखालचा भराव म्हणजे फोडलेल्या भिंतींचा चुरा. म्हटलं, साहेबाला हे कळलं तर घर अडकवून ठेवेल.

बाई सरळ स्वयंपाकघरात गेली. ओट्याच्या दगडावर हात फिरवला. खिडकीचे गज धरून उभी राहिली. म्हणाली, "हे कुठून आणलंत?"

"दुकानातून! कोरं करकरीत आहे सगळं. जुनी म्हणून एक वस्तू नाही आमच्याकडे."

"खिडकीसुद्धा?"

"परवाच करून घेतली." मधला गज वाकडा दिसत होता, तर म्हटलं, "तो मुद्दाम तसा घेतला. हल्ली तसंच चालतं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईचे डोळे भरलेले वाटले. चहा ठेवते म्हणेपर्यंत गेलेसुद्धा! नाव नाही, गाव नाही.

४ तारीख

नात हसून हसून बेजार. "आजी, ऑफिसची माणसं ओट्यावरून हात फिरवतात होय?" मग म्हणाली, "पण मग कोण होते ग?"

तेच तर! सकाळपासून हातात काम ठरत नाही. विटा साफ करायला बसले. हे माझं आवडीचं काम. जुन्या विटेला चिकटलेलं सिमेंट छिन्नीने अलगद उडवायचं, मग दोन विटा एकमेकींवर आपटायच्या. खणखणीत वाजली तर भिंतीत, भद्द वाजली तर भरावात. गवंडी म्हणतो, "आजी, तुम्हाला कामावरच ठेवतो." म्हटलं, ठेव की, पण दुपारी झोपायला सुट्टी लागेल. आज मात्र कान जागेवर नव्हते. चांगल्या विटा भरावात टाकल्या. गवंड्याने परत उचलून आणल्या, वर टोमणा, "आज कामावरून काढलं!"

५ तारीख

कुणी आलं नाही. दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले.

६ तारीख, गुरुवार

आज खरा साहेब आला! आणि मी म्हटलं, आता खोटं नाही बाई. सगळं दाखवलं. ही वीट जुनी, हे दार जुनं, हा लोखंडी गर्डर तर माझ्याएवढा म्हातारा. नात मागून डोळे वटारतेय! साहेब म्हणाला, "आजी, जुनं असायला कुणाची ना नाही. मजबूत आहे का, एवढंच बघतो मी." गर्डर ठोकून पाहिला, भिंतीला ओळंबा लावला, नातीला चार प्रश्न विचारले, आणि ठीक आहे म्हणून गेला. म्हणजे माझं सोमवारचं सगळं खोटं फुकट!

दुपारी पाडापाडीवाला आला दारांच्या कड्या घेऊन. घरं पाडायची आणि सामान विकायचं हा त्याचा धंदा, म्हणून मी त्याला हेच म्हणते, तोही ओ देतो. त्याला त्या दोघांचं वर्णन सांगितलं. कपाळाला हात लावला त्याने. "अहो, ती भाऊ-बहीण! रस्ता रुंद करायला त्यांचं घर पाडलं ना, त्यांच्याच स्वयंपाकघराचं सामान हे. कुठं गेलं म्हणून महिनाभर विचारत होती. मीच दिला तुमचा पत्ता."

म्हणजे त्यांच्याच खिडकीत उभं राहून मी त्यांना म्हटलं, कोरी आहे!

जेवण गेलं नाही. नातीला विचारलं, एकाच घराचं इतकं सामान का ग घेतलंस? म्हणाली, "दगडामुळे." ओट्याचा दगड एका कोपऱ्याला तिरपा कापलेला, खिडकीखाली बसेल असा. म्हणून ती खिडकीही घ्यावी लागली. खिडकी डावीकडे आली, तर दार समोर आलं. नवीन घरात आपण आधी नकाशा काढतो, मग दार शोधतो. हिने आधी सामान गोळा केलं, मग त्याभोवती भिंती काढल्या. तिच्याही ध्यानात आलं नाही, की तिने कुणाचं तरी स्वयंपाकघर जसंच्या तसं परत उभं केलंय.

७ तारीख

फरशीवाला यंत्र घेऊन हजर. ओटा उद्या कापायचा होता, हा आजच आला. बेसिनसाठी दगडाला मधोमध मोठं भोक पाडायचं. मला सुचेना काय करावं. चढून बसले ओट्यावर!

"आजी, उतरा."

"पाय दुखतात रे."

"खुर्ची देतो."

"खुर्ची टोचते."

नात आली. आधी हसली, मग चिडली. "आजी, पुढच्या आठवड्यात राहायला यायचंय. भांडी काय अंगणात घासू?" तिचं खोटं नाही. घर तिचं, दगड तिने घेतलाय. पण एकदा भोक पडलं की पडलं. मी म्हटलं, ती दोघं एकदा नीट बघून जाऊ देत, मग तू त्याची चाळण कर, मी शब्द काढणार नाही. म्हणाली, "आणि नाहीच आली तर?" मी ओट्यावर मांडी ठोकली. शेवटी सोमवारपर्यंत थांबते म्हणाली, आणि पाणी प्यायला दिलं तिथंच, ओट्यावर. माझीच नात!

पाडापाडीवाल्याला फोन करून निरोप धाडलाय. म्हातारी माफी मागते, एकदा या, म्हणून.

८ तारीख, शनिवार

आली! दिवसभर वाट पाहिली, आणि नेमकी मी केस धुवायला बसले तेव्हा आली. ओल्या केसांनी धावले. म्हटलं, "ताई, चुकले हो. मला वाटलं, तुम्ही ऑफिसच्या." ती हसायलाच लागली. "तो गज मीच वाकवला होता, लहानपणी डोकं घालून. अडकले होते. आणि तुम्ही म्हणता, हल्ली तसंच चालतं!" भाऊसुद्धा हसला. नातीने चहा केला, स्टो थेट त्या दगडावर ठेवून.

मग बाई चमत्कारिक काहीबाही विचारू लागली. नळाला पाणी आहे का? खिडकीखाली पाट ठेवला तर चालेल? भिंतीला आधीचाच फिका हिरवा रंग मिळेल का, आम्ही आणू? भाऊ म्हणाला, "एक दिवस आम्हाला हे स्वयंपाकघर द्याल का? सकाळपासून जेवणापर्यंत. नुसतं एवढंच."

मी म्हटलं, घ्या की! कशाला, ते विचारलंच नाही. जाताना नात मात्र त्यांच्याबरोबर फाटकाबाहेर गेली. बराच वेळ बोलत होते तिघं. परत आली ती नाक पुसत. मला काही सांगेना.

९ तारीख

सकाळी नातीने फरशीवाल्याला फोन करून सांगितलं, दगड कापायचा नाही, बेसिन मागच्या भिंतीला लाव. मग माझ्याजवळ बसली आणि सांगितलं.

त्या दोघांची आई आहे. घर पाडलं हे तिच्या ध्यानात राहत नाही. रोज संध्याकाळी पिशवी भरून दाराशी बसते, मला घरी सोडा म्हणते. महिनोन्‌महिने दोघं सांगतात, उद्या.

पुढच्या रविवारी तिला इथं आणतो म्हणालेत.