कलेक्टर ऑफिसपर्यंत

चैताली,

कुकर भरून ठेवलाय, फक्त शिट्ट्या काढ. गोळी घेतली आहे. मी मोर्चात चालले आहे. सुयश चिडेल, चिडू दे.

काल भाजीला गेले तेव्हा सुरगाण्याहून मोर्चात आलेल्या बायका रामकुंडापाशी टेकल्या होत्या. एका म्हातारीला पाणी दिलं, तर म्हणाली, "तू कोनाची गं?" चाळीस वर्षं मी सगळ्यांना 'आम्ही नाशिकचेच' असं सांगत आले, तुलाही. काल मात्र तोंडून थेट सासऱ्यांचं नाव निघालं. ती म्हणाली, "चंदर गावितची सून? अगं, तो कसायचा ती फारेस्टची जमीन अजून कोनाच्या नावावर नाय. तेच्यासाठीच चालतोय आम्ही."

लग्नानंतर मी तिथे एकच पावसाळा भात लावला. आता कोण लावतं, बांधावरचं मोहाचं झाड अजून उभं आहे का, किती विचारायचं होतं. ती म्हणाली, "उद्या कलेक्टर हापिसापर्यंत चाल संगं, वाटंत सांगते."

पिंकीच्या शाळेच्या फॉर्मवर 'मूळ गाव' समोर सुयशने पेन्सिलीने नाशिक लिहिलंय. मी येईपर्यंत त्यावर पेन फिरवू नकोस.

आई