बळदातला आवाज

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
२२ मार्च १९५८

ती. दादास मंगलाचा शि. सा. न. वि. वि.

आधी घडले ते क्रमाने लिहिते.

१. मंगळवारी यादवशेठ फीत घेऊन आले आणि मधली खोली मोजून गेले.
२. जाताना म्हणाले की खोली भाड्याने द्यायला नंदूभाऊंचा होकार आला आहे, आखाजीचा सण झाला की खोलीत चार माग बसवतो.
३. मी त्यांना चहा दिला. मला यातले काही ठाऊक नाही हे त्यांना दिसू दिले नाही.
४. काल पाडवा होता आणि शुक्रवारही. शुक्रवारी गल्लीतले माग बंद असतात, त्यामुळे खडखड नसते आणि विजेचा दाब पुरता मिळतो. मी सारंगीची तबकडी लावली.
५. अण्णा जो आवाज शोधत होते तो मिळाला.

पाचव्या कलमाबद्दल थोडे. अण्णांनी मधल्या खोलीच्या भिंतीतल्या बळदाला गोल भोक पाडून त्यात लाऊडस्पीकर बसवला, तेव्हा भिंत फोडली म्हणून तू नागपूरहून रागाचे पत्र लिहिले होतेस. भिंतीच्या पोटातली ती धान्याची जागा रिकामीच पडून होती. लाऊडस्पीकरच्या मागे जितकी मोठी पोकळी, तितका खर्ज मोकळा, असा त्यांचा हिशेब. तरी प्रत्येक तबकडीनंतर ते म्हणत की आवाजावर अजून पडदा आहे. ते गेल्यावर मी ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळला, कॉलेजच्या लॅबमधला ऑसिलेटर आणून खोली तपासली, मागच्या भिंतीला पिंजाऱ्याकडच्या कापसाच्या गाद्या लावल्या. माघापासून फरक पडू लागला. काल पडदा नव्हता. सारंगीचा गज तारेवर टेकतो, ते टेकणेसुद्धा ऐकू आले.

तबकडी संपल्यावर सांगायला घरात कोणी नव्हते, म्हणून तुला लिहिते आहे.

खोली माझ्या एकटीची नाही हे मला मान्य आहे. पण यादवशेठांच्या आधी मला कळवायला हवे होतेस. वहिनींना नमस्कार. लोभ आहे तसा ठेव.

तुझी
मंगला


भोपाळ
२८ मार्च १९५८

चि. मंगलास नंदकुमारचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र लीलाला वाचून दाखवले. ती म्हणाली की हे पत्र नव्हे, पंचनामा आहे, फक्त पंचांच्या सह्या राहिल्या. यादवशेठ माझे पत्र तुला पोचण्याआधीच फीत घेऊन धावतील असे वाटले नव्हते. ते माझे चुकले.

पण बेत चुकला असे मला वाटत नाही. तू पंचवीस वर्षांची, एकटी, गल्लीतल्या शेवटच्या घरात. इथे कचेरीत कोणी घरची चौकशी केली की मी विषय बदलतो. मुलींच्या नव्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची जागा निघते आहे, मी बोलून ठेवले आहे. मधल्या खोलीत माग आले की तुझा पाय तिथून आपोआप निघेल, असा माझा सरळ हिशेब होता. लपवून काय करू?

आणि त्या आवाजाचे मला सांगू नकोस. मला ती खोली म्हणजे बंद दार एवढीच आठवते. सुट्टीत घरी यावे तर तुम्ही दोघे आत. एकदा मी दार लोटले तेव्हा अण्णांनी तबकडी थांबवली आणि म्हणाले की नंदू, तू म्हणजे कापसाची गासडी, आत आलास की आवाज खातोस. तू हसली होतीस. मीही हसलो, आणि ओट्यावर जाऊन पेपर वाचत बसलो. तारमास्तर माणूस, उभा जन्म स्टेशनात टकटक ऐकण्यात गेला, त्याला शांतता प्यारी असणार हे मला कळते. पण घरात तिसरी खुर्ची नव्हती, हेही खरे.

लीला म्हणते की इथे ये, निदान तुझे बोलणे तरी कोणाच्या कानी पडेल. विचार कर. जेवण वेळेवर घेत जा.

तुझा
दादा


लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
५ एप्रिल १९५८

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

खुर्च्या दोनच होत्या, हे बरोबर आहे. त्यावर आज अधिक लिहीत नाही.

आवाज गेला. काल शुक्रवारी तीच तबकडी, तीच सुई, दाबही पुरता. सारंगी भिंतीत चिणल्यासारखी वाजली. मी व्हॉल्व्ह बदलून पाहिले, जोड तपासले, सगळे ठीक. शेवटी लाऊडस्पीकरचे स्क्रू सैल केले, तर कडेने गहू गळू लागला. थोडा नव्हे. स्पीकर हातात येईपर्यंत माझी पावले गव्हात बुडाली होती, आणि भिंतीतून कोणीतरी ओरडत होते की कोण मेला माझा गहू नेतोय.

त्या गोदाबाई. शेजारच्या. दोन वर्षे रावेरला लेकीकडे होत्या, माघात परत आल्या. तावातावाने आमच्या दारात आल्या आणि मला गव्हात उभी पाहून आधी डोक्याला हात लावला, मग ओट्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या की शिकलेली पोर तू, बळद कोणाचे ते तरी विचारायचे होते. ही दोन घरे पूर्वी एकच होती. बळद आपल्या भिंतीत दिसते, पण त्याचे तोंड त्यांच्या स्वयंपाकघरात आहे आणि हक्कही त्यांचाच. आपण कधी विचारले नाही. अण्णांनीही नाही.

तेव्हा कारण असे. त्या रावेरला असताना बळदाच्या तोंडावर फळी ठोकून वर माती लिंपलेली होती. अण्णांनी त्या बंद पेटीवर सगळी खटपट केली. माघात गोदाबाईंनी फळी काढली आणि लाऊडस्पीकरच्या मागे त्यांचे सगळे घर आले. माझ्या ट्रान्सफॉर्मरचा त्यात वाटा फार थोडा. अण्णांना फक्त शेजारी जाऊन फळी काढायची होती.

त्यांनी आणखी एक सांगितले. दर शुक्रवारी बळदातून बाईमाणसाच्या हळू रडण्याचा आवाज यायचा. त्यांना वाटले की मी रडते, बाप गेलेली पोर आहे. विचारायला येणे बरे दिसणार नाही, म्हणून त्या डाळ पाखडायचे सूप घेऊन बळदाच्या तोंडाशी येऊन बसत, आवाज थांबला की उठत. असीरगडाकडच्या शेतावरून आलेली गव्हाची पोती त्यांनी याच कारणाने ओसरीवरच ठेवली होती. परवा भाचा कडू आला आणि त्यांना न विचारता बळदात ओतून गेला.

मी सांगितले की ती सारंगी होती. त्या म्हणाल्या, असेल.

वहिनींना नमस्कार.

मंगला


भोपाळ
९ एप्रिल १९५८

चि. मंगलास अनेक आशीर्वाद.

गव्हात उभी असलेली तू डोळ्यांसमोर आलीस आणि मी कचेरीत मोठ्याने हसलो. शेजारच्या टेबलावरचे रीव्याचे गृहस्थ दचकले. आमच्या कचेरीत कोणी नागपूरचे, कोणी ग्वाल्हेरचे, कोणी रीव्याचे. एका राज्यात आणून बसवले आहे खरे, पण सगळे एकमेकांना आप-आप करतात आणि पाच वाजता आपापल्या क्वार्टरात जाऊन दार लावतात. दीड वर्ष झाले, मी अजून कोणाच्या घरी चहा प्यालेलो नाही.

आता कामाचे. रागावू नकोस, पण गव्हाने निकाल दिला असे मला वाटते. बळद आपले नाही, ते आता भरले आहे, आवाज गेला आहे. मग खोली अडवून ठेवण्यात काय अर्थ? मी यादवशेठांना शब्द दिला आहे. आखाजीनंतरच्या शनिवारी ते कारागीर आणणार. तू सामान बांधायला घे.

एक विचारायचे राहिले. पाडव्याला खरेच पडदा नव्हता का? अण्णा शेवटच्या आजारात मला म्हणाले होते की पडदा गेला तर मंगला तुला कळवील. तू कळवलेस, आणि मी तुला खोलीच्या भाड्याचे लिहिले. पण आता दुसऱ्या कोणाला विचारणार?

जपून राहा.

दादा


लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
१३ एप्रिल १९५८

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. आम्ही कॉलेजात मुलांना सांगतो की एकाच निरीक्षकाने घेतलेले निरीक्षण ग्राह्य नाही. पाडव्याला खोलीत मी एकटी होते. गोदाबाई भिंतीपलीकडे होत्या, पण त्यांच्या मते ती सारंगीच नव्हती.

बळद रिकामे झाले आहे. मी मागितले नव्हते. गोदाबाई बुधवारी कडूला घेऊन आल्या आणि म्हणाल्या की गहू तुझ्या स्वयंपाकघरातल्या कोठीत राहू दे, मला लागेल तसा मी नेईन, येण्याजाण्याला निमित्त. कडू पोती वाहताना कुरकुरत होता की गेल्या आठवड्यात भरले ते आता उपसा, या घरातल्या बायांचे काही खरे नाही. गोदाबाईंनी त्याला सांगितले की तुला कोणी भरायला सांगितले होते. त्यांची अट एकच, शुक्रवारी तबकडी लावण्याआधी भिंतीवर तीन थापा माराव्यात, म्हणजे त्या सूप घेऊन बसतील. परवाच्या शुक्रवारी मी थापा मारल्या. त्यांनी पलीकडून एक मारली. आवाज परत आला आहे.

आता तुझे. इकडे आखाजीला लेकी माहेरी येतात. या घरातली लेक कुठे गेलीच नाही, तेव्हा या वर्षी मुलाने यावे. वहिनींनाही आण. आखाजी करून शुक्रवारपर्यंत थांब, त्या दिवशी माग बंद असतील आणि तुला ऐकता येईल. ऐकून झाल्यावरही खोली द्यावी असे तुला वाटले तर शनिवारी यादवशेठांना किल्ली मी स्वतः देईन, आणि स्पीकर उतरवून भोक बुजवून घेईन. पण न ऐकता देणार नाही. तसे त्यांना मी कालच सांगितले आहे. ते म्हणाले की बहेनजी, बाजा ऐकायला कोणी भोपाळहून येते का. मी म्हटले की येईल की नाही ते मला माहीत नाही.

अण्णा म्हणत ते शास्त्राला धरून होते. माणूस खोलीत आला की आवाज बदलतो, कारण माणूस कापसासारखाच आवाज खातो. त्यावर त्यांचा उपाय दार लावण्याचा होता. दुसराही उपाय आहे. जितकी माणसे येतील तितका कापूस भिंतीवरून उतरवायचा. मी ओसरीवरची मोठी खुर्ची आत आणून ठेवली आहे आणि अंदाजाने दोन गाद्या काढल्या आहेत. वहिनी आल्या तर तिसरी काढीन. तुझे वजन वाढले असेल तर तेही लिही.

हे जुळवायला मला माग बंद असलेला एक दिवस लागतो, आणि आखाजीआधी तसा एकच शुक्रवार उरला आहे. म्हणून येत्या शुक्रवारी, १८ तारखेला, सकाळच्या टपालाने मिळेल असे उत्तर पाठव. किती खुर्च्या, एवढेच लिहिलेस तरी चालेल.

तुझी
मंगला