सोवळ्यातला चेंडू

५ जानेवारी, रविवार
आणलं : कमानिया गेटच्या बाजारातून पिवळ्या जाळीच्या बंड्या बारा, साठच्या भावाने (दुकानदार ऐंशी सांगत होता). शिटी एक, तीस रुपये. ग्लुकोज दोन डबे. बर्फ घरचाच.
मुलींच्या फुटबॉल टीमचे कोच दिवाकर सर स्कूटरवरून पडले. पाय प्लास्टरमध्ये, नागपूरला बहिणीकडे गेले. टीमचा हिशेब मी ठेवते आणि बाकावर एक मोठं माणूस लागतं, म्हणून आजपासून कोच मी. सर फोनवर म्हणाले, "काकू, तुम्ही फक्त बसून राहा." बसून राहणं माझ्या स्वभावात नाही.
फायनल १९ ला. भोपाळहून निवड करणाऱ्या मॅडम येणार. मार्चनंतर आमची लेक शरयू वयात बसत नाही. राज्याच्या कॅम्पला जायचं तर याच वर्षी.

६ जानेवारी, पूजेनंतर
सरांची वही वाचली. नुसते बाण. सार एवढंच, की चेंडू आपल्याकडे ठेवायचा आणि मागची बाजूही सांभाळायची. हे तर बायका रोज करतात! सोवळ्यातल्या स्वयंपाकाला कोणी शिवत नाही. चेंडू आपला झाला की तो सोवळ्यात, परक्याचा पाय लागता कामा नये. आणि गोलसमोरची चौकट म्हणजे देवघर. हळदीकुंकवाला आलेल्या बायका बैठकीतच बसतात, आत शिरत नाहीत. सरांना पंधरा वर्षांत हे सुचलं नाही.

८ जानेवारी
मुलींना समजावलं. मागे खेळणारी माधवी विचारते, "काकू, मग गोल कधी मारायचा?" म्हटलं, चेंडू आपल्याजवळ असला तर समोरच्या तरी मारतील काय? शरयू म्हणाली, "आई, बॉल आगे भी ले जाना पड़ता है." म्हटलं, पुढे नेला की जातो. तिने कपाळाला हात लावला. ऊन लागलं असेल.

११ जानेवारी, शनिवार
पहिली मॅच जिंकलो, २-०. दोन्ही शरयूचे. माझी पद्धत लागू पडली. जरा पुढे पुढे करत होत्या, वय आहे. पाणी प्यायच्या वेळी सगळ्या डोकी एकत्र करून कुजबुजत होत्या. देवाचं नाव घेत असतील.

१५ जानेवारी
सेमीफायनल ३-१. जिंकलो तरी मी हर्षाला सोडलं नाही. गोलकीपर आहे ना ती? विचारलं, देवघरात चपला घालून येऊ दिलंस काहून? म्हणते, "काकू, ती पळत आली. मी काय तिला पाय धुवायला सांगू?" सगळ्या हसल्या. मी हसले नाही. (घरी येऊन हसले.)

१६ जानेवारी
शरयू जेवत नाही. बूट पुसून ठेवते, परत काढून पुसते. हे म्हणाले, "अगं, सरांना विचार तरी." सरांचा फोन बंद. आता विचारायचं काय राहिलं?
संकल्प : फायनलला ओरडायचं नाही. नुसतं हाताने दाखवायचं.

१७ जानेवारी, संकष्टी
बर्फ घेऊन मैदानावर जरा लवकर पोहोचले. शरयू मुलींना सांगून राहिली होती, "आईला हो म्हणायचं आणि आपलं खेळायचं. दोन मॅच तेच तर केलं."
मी बर्फ ठेवला आणि घरी आले. जेवले नाही. उपास होताच, पण ते सांगितलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार
सकाळी सगळ्या दारात उभ्या. माधवी रडत होती. हर्षा म्हणाली, "सॉरी काकू. उद्या तुम्ही म्हणाल तसंच. गणपतीची शपथ." चलो, पोरींना उमजलं.
त्या गेल्यावर शरयू म्हणाली, "आई, एकदा विचार कर. मॅडम मला बघायला येऊन राहिल्या." म्हटलं, विचार झालाय. मग म्हणाली, "ठीक आहे. मीपण."

१९ जानेवारी, दुपारी ३
सुरू. समोर अधारताल भागातल्या मुली, उंच.

हाफटाइम
०-०. चेंडू आपल्याकडेच. मी मोजले : पास दोनशे बारा. पुढे गेलेले नऊ. शरयू मधल्या रेषेवर कमरेवर हात ठेवून उभी. मॅडमनी वही उघडलेली नाही. पेन विसरल्या असतील.

संध्याकाळी ६, घरी
शेवटची पाच मिनिटं होती. चेंडू शरयूकडे आला. समोर मैदान मोकळं, एकटी गोलकीपर. शरयूने माझ्याकडे बघितलं.
मी हाताने मागे दाखवलं.
तिने मागे दिला. माधवीने तो आणखी मागे, हर्षाला. हर्षा मला विचारायला वळली होती. चेंडू तिच्या बाजूने हळूहळू आत गेला. परक्याचा पाय लागला नाही.
०-१.
मॅडम गाडीत बसताना म्हणाल्या, "दस नंबर वाली को देखने आई थी. उसने तो खेला ही नहीं." दहा नंबर शरयूचा.

२२ जानेवारी
कॅम्पची यादी आली. आपलं कोणी नाही. हे वर्तमानपत्राआड बसले आहेत, पान उलटत नाहीत.
सरांना पोस्टकार्ड टाकलं. मजकूर उतरवून ठेवते :

दिवाकर सरांस नमस्कार. तुमचा फोन लागत नाही. पाय बरा असेल. फायनल हरलो. सामन्यात चेंडू जास्त वेळ आपल्याकडे होता.
शरयू तीन दिवस मैदानावर गेली नाही. माधवीला वाटतं आपलं चुकलं, हर्षाला वाटतं आपलं. शरयू कोणाला काही म्हणत नाही, मलाही नाही. मी समजवायला गेले की "हो आई" म्हणते आणि भिंतीकडे बघते. माझ्या सांगण्याला आता वजन नाही, तुमच्या सांगण्याला आहे. तिच्या नावाने दोन ओळी लिहा, की तिला खेळता येतं. हात मी दाखवला होता, हेही लिहा. तिला ते माहीत आहे, पण मी अजून म्हटलेलं नाही.
उलट टपाली कळवावे.