युनूस कोणालाच आत घेईना

८ जानेवारी १९७९, सोमवार

नातू आला मुंबईहून. इंद्रभान. ना पत्र, ना निरोप! त्याची आई लिला, म्हणजे माझी सून, हरखून गेली. रजा मिळाली म्हणे. रजेवर आलेला माणूस खातो, लोळतो, गावात मिरवतो. हा आल्यापासून ओट्यावर बसून गुडघ्यावर बोटं बडवतो आहे. तबला शिकला की काय?

शाहजादी, "बडवतो" असंच लिही. मी "मले" म्हणते, ही "मला" लिहिते! शेजारच्या शिंप्याची बायको, कापड बेतते तसं माझं बोलणंही बेतते. असो. मला अक्षर वाचता येत नाही, तेव्हा वहीत तिचंच राज्य.

९ जानेवारी

वावरात हुरडा भाजला. इंद्रभानने चिमूटभरच खाल्ला. हे रजेचं लक्षण नाही.

१० जानेवारी

बोलला एकदाचा! लिला कापूस वेचायला गेल्यावर मी त्याला धमकावलं — सांगतोस, की चारचौघांत कान धरू?

रजा नाहीच. साहेबाने घरी पाठवलं आहे. नोकरी अजून कच्ची. या महिन्यात पक्की व्हायची होती, आता साहेब म्हणतो, काढूनच टाकतो. "मायले सांगू नको आजी," म्हणाला. म्हणून शाहजादी, ही वही तुझ्याच घरी राहू दे. लिलाला सातवीपर्यंतचं सगळं वाचता येतं.

कारण विचारलं तर कारण मशीन. त्यांच्या संस्थेत कपाटाएवढं मशीन आहे, हिशेब करणारं. त्याचा सगळा कारभार पाहतो युनूस. मी म्हटलं, मग युनूसला जाऊन भेट, हातापाया पड. इकडे शाहजादी पोट धरून हसायला लागली. तिच्या भावाचं नाव युनूस, आणि त्याला स्वतःचा कारभार पाहता येत नाही.

"युनूस नाही वो आजी, युनिक्स," इंद्रभान म्हणाला. " तो माणूस नाही."

नसेना का. आम्ही दोघी युनूसच म्हणणार.

तर युनूसच्या दारी गेलं की आधी नाव टाइप करायचं, मग गुपित शब्द. दोन्ही जुळले की तो आत घेतो. याला लॉगीन म्हणतात. पण आता युनूस नाव ओळखतो, शब्द ओळखतो, आणि म्हणतो — "नो शेल". की झालं, बाहेर! मोठमोठे शिकलेले सगळे बाहेर. एकट्या साहेबाला तेवढा आत घेतो.

मी म्हटलं, सेल संपले तर नवे घाला ना. टॉर्चला दोन लागतात, एवढ्या धुडाला पोतंभर लागत असतील. पोरगा आल्यापासून पहिल्यांदा हसला. मग पुन्हा गुडघ्यावर बोटं. तबला नव्हे, टाइप करायची सवय आहे ती.

११ जानेवारी

शेल म्हणजे सेल नव्हे. शेल म्हणजे युनूसचा आतला कारकून. आपण त्याला सांगायचं, त्याने युनूसकडून करून घ्यायचं. तोच नाही म्हटल्यावर आत जाऊन बोलायचं कोणाशी?

पण गंमत अशी, की साहेब आत जाऊन बघून आला. कारकून जागेवर, ठणठणीत! त्याची खोलीही नीट. तरी बाकीच्यांना युनूस म्हणतो, कारकून नाही.

आणि आळ इंद्रभानवर काहून? तर साहेबानेच सगळ्यांना सांगितलं होतं, युनूसच्या आतल्या आपापल्या खोल्या बंद करा, कोणीही कोणाच्या वस्तू उघडून बघतो. युनूसच्या घरात सगळ्यावर परवानग्या असतात. याने दुपारी आपल्या खोलीवरच्या काढल्या, आणि संध्याकाळी सगळे बाहेर. साहेब म्हणाला, नवा तूच आहेस, तूच काहीतरी चुकीचं दाबलंस. पोरालाही तसंच वाटतं. आठवून आठवून डोकं पिकवून घेतलं आहे.

साहेबालाच कसा आत घेतो, मी विचारलं. म्हणे त्याच्याकडे मालकाचं नाव आहे, त्याला कोणतीच परवानगी लागत नाही. असा एकजण गावोगावी असतोच.

१२ जानेवारी

आज काय झालं ते नीट लिही, शाहजादी, कापू नको.

सकाळी मी हिला सांगत होते, की परवानग्या तीन आहेत, कालच्या मजकुरात राहून गेल्या. एक वाचनं, दुसरी लिवनं, तिसरी चालनं. इंद्रभान चहा पीत होता. तिथूनच म्हणाला, "चालनं नाही आजी, चालवनं. मशीनले काम चालवाले लावनं."

मी म्हटलं, "खोलीले कोन चालवते रे? खोलीतून चालतेत."

चहा तसाच राहिला. बशीतला बशीत. पोरगा उठला, बसला, परत उठला. मग आम्हाला सांगू लागला, पण सांगत होता स्वतःलाच. कामावर ती परवानगी असली म्हणजे काम चालवता येतं. खोलीवर असली म्हणजे त्या खोलीतून पुढे जाता येतं. दोन्हीसाठी युनूस लिहितो ते अक्षर एकच! कारकून पाहिला, कारकुनाची खोली पाहिली, पण सगळ्यांत वरचं दार — जिथून सगळे आत शिरतात — ते कोणी पाहिलंच नाही. साहेबाला कडी लागत नाही, म्हणून ती त्याला दिसलीही नाही.

हे मात्र मला मशीन न बघता समजलं. मी लहान असताना वरच्या आळीची विहीर आम्हाला लांबून दिसायची. पाणी काढताना दिसायचं, दोर दिसायचा. त्या वाटेने चालायची तेवढी मनाई. पण विहीरच नाही असं कोणी आम्हाला सांगत नव्हतं. युनूस त्यांच्याही वरचा — कारकून बसला आहे आत, आणि हा म्हणतो नाहीच!

इंद्रभान मिळेल त्या एस.टी.ने वाशीमला गेला, मुंबईला ट्रंक कॉल लावायला.

दिवेलागणीला आला, आवाज बसलेला. साहेबाला नीट ऐकू जाईना, म्हणून पोस्टात उभा राहून ओरडला, "वरच्या दारातून सगळ्यांना जाऊ द्या! चालायची परवानगी सगळ्यांना द्या!" पोस्टातली माणसं भोवती जमली. एक म्हातारा म्हणे, मोर्चा कवा हाये, मी बी येतो.

१५ जानेवारी

तार आली. तारवाल्याला पाहून लिलाने आधीच रडायला सुरुवात केली. तार इंग्रजीत, इंद्रभानने वाचली; आनंदाची होती, तेव्हा तिला उगी केलं. सगळे आत गेले. युनूस कोणालाच अडवत नाही. साहेब म्हणतो, चूक कबूल करून माफी लिहून आण, नोकरी पक्की करतो.

आईला पोराने सांगितलं, रजा संपली. तिने तिळाचे लाडू बांधायला घेतले. हा माफी लिहायला बसला आहे, इंग्रजीत. जेवला मात्र पोटभर.

१६ जानेवारी

निघायच्या आधी माफीचा कागद वाचून दाखवला. मी म्हटलं, मला कळेल असं सांग. तर म्हणे, "वरच्या दारावरची परवानगी माह्या हातून चुकून निंगाली."

मी विचारलं, "ते वरचं दार कोनाच्या नावावर हाये?"

"मालकाच्या."

"मंग तुले युनूसनं त्याले हात कसा लावू देल्ला?"

इंद्रभानने कागद खाली ठेवला.

"नाही देत," म्हणाला. "साहेबाशिवाय कोनालेच देत नाही."